टाचेची स्टेप

२८ डिसेंबर, शनिवार
ही वही सिद्धनाथ सरांनी दिली. सर भोरच्या कॉलेजात मराठी शिकवतात. तिथल्या गॅदरिंगचा नाच मी तीन वर्षं बसवतेय, तेव्हापासूनची ओळख. "रोज चार ओळी लिहा मॅडम, म्हणजे बोलताना शब्द शोधावे लागणार नाहीत," म्हणाले. बाकी सगळ्या बायकांना ते ताई म्हणतात, मला मात्र मॅडम. सिनेमातून आलेली बाई म्हणून जरा अंतर ठेवत असतील.

बोलायचं कुठे, तर पुण्यात. विद्यापीठात 'लोकनृत्य आणि चित्रपट' असं दोन दिवसांचं चर्चासत्र आहे. तिथल्या शेफाली मॅडमचा काल फोन आला. "ताई, पंचवीस जानेवारीला वीस मिनिटं तुमची. सिनेमासाठी नाच कसा बसवला ते सांगायचं, थोडं करून दाखवायचं." मी म्हटलं, मी फक्त बारावी शिकलेली. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

एकोणीस वर्षं मुंबईत काढली. आधी ग्रुपमध्ये नाचले, मग मास्टरजींची असिस्टंट झाले. शंभरावर गाणी असतील. श्रेयाच्या एकाही पाटीवर माझं नाव नाही. चार वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा गावी, गुंजवण्याला, आले ती राहिलेच. आता वेल्ह्यात मुलींचा क्लास घेते आणि शाळांची गॅदरिंग बसवते. गुडघा बोलतो, पण चालतं.

मी हो म्हणून बसलेय.

१ जानेवारी, बुधवार
सरांनी गोषवारा लिहून दिला. गोषवारा म्हणजे काय बोलणार ते आधी थोडक्यात कळवायचं. पहिलंच वाक्य वाचताना दोनदा श्वास घ्यावा लागला. 'देहाच्या स्मृतीचे बाजारपेठीय रूपांतरण' असं काहीतरी होतं. मी विचारलं, "सर, ह्यात मी कुठे आहे?" ते वाचत राहिले, मग म्हणाले, "खरंच, तुम्ही नाहीच ह्यात." आणि कागद फाडला. मला वाईट वाटलं, बिचाऱ्यांनी दोन दिवस घातले होते.

मग मी बोलत गेले आणि ते लिहीत गेले. सहा ओळी झाल्या. त्या मला कळतात.

५ जानेवारी, रविवार
शेफाली मॅडम आज घरी आल्या. पस्तिशीच्या असतील, गोड मुलगी. ओट्यावर मांडी घालून बसली, आईनं दिलेलं ताक दोनदा मागून घेतलं. मला ती फार आवडली. म्हणूनच पुढचं अवघड झालंय.

मला शोधलं कसं ते त्यांनी सांगितलं. माझ्याबरोबर ग्रुपमध्ये असलेल्या एका मुलीनं कुठेतरी मुलाखत दिली. त्यात ती म्हणाली, 'टाचेची स्टेप मास्टरजींनी नाही, वेल्ह्याकडच्या रत्नानं बसवली.' ते गाणं कुणाला सांगावं लागत नाही. लग्नात, वरातीत, शाळेत, अजून वाजतं. हिरोईन दोन हातांनी लुगड्याचा ओचा धरल्यासारखं करते, उजवी टाच आधी उचलते, डावीकडे झुकते आणि पाऊल पुढे न टाकता मागे टाकते. तीच ती स्टेप.

मॅडमनी लॅपटॉप उघडला. "आता हे बघा." दोन वर्षांपूर्वी गौरीच्या दिवशी त्यांनी आमच्याच गावात फेराचं चित्रीकरण केलं होतं. मी त्या दिवशी भोरला मंडळाच्या स्पर्धेची परीक्षक होते. पडद्यावर गावच्या बायका गोल फिरतायत आणि मध्येच सगळ्या मिळून टाचेची स्टेप करतायत. सगळ्यांच्या पुढे आमची आई.

"अगं बाई, ह्याच का तुमच्या आई! मघापासून ओळखलंच नाही मी!" मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या. आई ताकाचा तांब्या घेऊन आत निघून गेली.

मग क्लिपमध्ये मॅडमचा आवाज: "हे पाऊल कधीपासूनचं, आजी?" आणि आईचा: "लई जुनं हाय. आमच्या आज्जेसासूपासनं."

मॅडमचं म्हणणं असं. हे पाऊल वेल्ह्याचं, शंभर वर्षांचं. मी ते लहानपणी पाहिलं, मुंबईला नेलं, आणि सिनेमानं गिळलं, गावाला विचारलंही नाही. त्यांच्या प्रबंधाचं एक सबंध प्रकरण ह्यावर आहे. "तुम्ही फक्त एवढंच सांगा ताई, की हे तुम्ही गावात शिकलात. बाकी मी मांडते."

मी मान हलवली. का हलवली? ही स्टेप आमच्या गावात कधीही नव्हती. मी एकोणीस वर्षांची होईपर्यंत प्रत्येक गौरीला त्या फेरात होते. परत आल्यावर बायकांना ती करताना पाहिलं तेव्हा म्हटलं, सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवरून उचलली तशी ह्यांनीही उचलली असेल.

पण आई असं का म्हणाली?

६ जानेवारी, सोमवार
विचारलं. सरळच विचारलं.
"आई, ती स्टेप आज्जेसासूची?"
"वांग्याला आळी लागलीया. बघितलीस का न्हाई?"
"मी काय विचारतेय?"
"आन म्या काय सांगतीया? पाक झाड खाल्लं तिनं."

तिला माझी लाज वाटते, दुसरं काय. भोरच्या राजवाड्यात शूटिंग आलं होतं, गर्दीत नाचायला पोरी हव्या होत्या, मी भोरला मावशीकडे होते, गेले. त्यातूनच पुढे मुंबई. मी निघाले त्या दिवशी वडिलांनी अंगणात उभं राहून सांगितलं होतं, की ह्या घरात हिचं नाव घ्यायचं नाही. आणि ते शब्दाचे पक्के होते. आई त्यांच्या मागे उभी होती.

आयुष्यात एकच गोष्ट माझी स्वतःची म्हणावी अशी झाली. तीही हिनं मेलेल्या आज्जेसासूला देऊन टाकली.

१२ जानेवारी, रविवार
आठवडाभर लिहिलं नाही. तीन शाळांची गॅदरिंग झाली. एका ठिकाणी पहिलीतल्या मुली रडल्या, एका ठिकाणी स्पीकर बंद पडला, आणि तिन्ही ठिकाणी तेच गाणं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, ती टाचेची स्टेप मुलींना नीट शिकवा हं, टीव्हीत करतात तशी."

ती कशी झाली ते एकदा लिहून काढते, म्हणजे बोलताना अडणार नाही.

अंधेरीचा रिहर्सल हॉल. दुसऱ्या दिवशी शूटिंग. गाण्याच्या शेवटच्या तुकड्याला काही सुचेना. मास्टरजींनी चार वेळा केलं, चार वेळा मोडलं, आणि फोन घेऊन बाहेर गेले. ग्रुपच्या मुली भिंतीला टेकून वडापाव खात होत्या. मी आरशासमोर एकटी. सोळा मात्रा रिकाम्या. मी विचार असा काहीच केला नाही. गाणं लावलं आणि पाय गेला. टाच आधी. दुसऱ्यांदा लावलं, परत तसाच गेला. मास्टरजी दारात उभे होते. म्हणाले, "ये रखो." एवढंच. नंतर मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की ही स्टेप त्यांना बैलगाडीचं चाक पाहून सुचली. त्यांचा मला राग नाही. तिथे रीतच तशी.

कुठून आली? खरं तर मलाही माहीत नाही. त्या रिकाम्या हॉलमधून आली.

१९ जानेवारी, रविवार
सर वेल्ह्याला आले होते. तहसील कचेरीत काम होतं म्हणाले. रविवारी कचेरी बंद असते हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. ह्या महिन्यात असं दुसऱ्यांदा झालं. एवढा शिकलेला माणूस, पण विसराळू. तिळाच्या वड्या आणल्या होत्या, स्वतः केलेल्या, जरा कडक झालेल्या. पत्नी गेल्यापासून स्वयंपाक स्वतःच करतात.

आले आहेतच म्हणून सगळं सांगितलं. मॅडमचं प्रकरण, आईचं बोलणं, माझी मान हलवणं. त्यांनी वडी चावत ऐकून घेतलं.
"तुम्ही खरं बोललात तर कोणाचं नुकसान?"
"मॅडमचं. दोन वर्षांची मेहनत आहे. आणि आई खोटी ठरेल, शंभर माणसांत."
"आणि नाही बोललात तर?"
मी आणखी एक वडी पुढे केली. त्यांनी ती घेतली. जाताना म्हणाले, "ऐकायला मी पहिल्या रांगेत असेन. पुस्तकं घ्यायला पुण्याला जायचंच आहे." गाडीतून सोडतो म्हणाले. सोय झाली.

२४ जानेवारी, शुक्रवार
आई म्हणते, "म्या बी येनार."
"तू काय करणार तिथं? चार तास बसावं लागतं."
"बसंन की. बसायला काय लागतंय?"
ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलंय. माझ्यावर लक्ष ठेवायला येतेय. मी काही वेडंवाकडं बोलू नये म्हणून.

बोलायचं काय ते अजून ठरत नाही. दोन कागद तयार आहेत, एक खरा आणि एक मॅडमना हवा तसा.

२६ जानेवारी, रविवार
काल घरी आलो ते जेवून झोपलोच. आज झेंडावंदनाला शाळेत जाऊन आले आणि आता ओट्यावर बसून लिहितेय. सगळं लिहायचं आहे.

सकाळी सरांच्या गाडीतून निघालो. आई मागे बसून सगळ्या गावांची नावं मोठ्यानं वाचत होती. हायवेला लागल्यावर एकदम म्हणाली, "सर, तुमी एकटंच ऱ्हाता का?" सरांनी गिअर चुकवला. मला इतकी लाज वाटली. काय ह्या चौकश्या!

हॉल मोठा, गार. दीडशे माणसं तरी असतील. माझ्या आधी दोघांनी निबंध वाचले. त्यांनी नाचाचं जे काही सांगितलं त्यात एकदाही पाय आला नाही. मग माझं नाव पुकारलं. 'नृत्यदिग्दर्शिका' म्हणाले. कोणीतरी मला असं पहिल्यांदा म्हटलं.

मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि पुढे येऊन उभी राहिले. म्हटलं, मला वाचता येणार नाही, मोजता येतं. आणि सुरू केलं. पाच, सहा, सात, आठ.

मी सांगितलं की सिनेमाचा नाच माणसांसमोर नसतो, कॅमेऱ्यासमोर असतो, आणि कॅमेऱ्याला डोळा एकच. नाच कितीही सुंदर असला तरी त्याला दिसत नसेल तर तो झालाच नाही. हिरोईनचा चेहरा हवा असतो म्हणून पाय बहुतेक वेळा कापले जातात. टाचेची स्टेप वाचली, कारण कॅमेरामननं विचारलं, "खाली काय चाललंय?" आणि तो जमिनीवर पालथा झोपला. लोक हसले. मग मी म्हटलं, सिनेमात नाच सलग कोणी करतच नाही. चार मात्रा, कट. आठ मात्रा, कट. त्या हिरोईननं ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही केलेलं नाही. माझ्या लेखी टाचेची स्टेप सलग फक्त दोन ठिकाणी झाली. एकदा अंधेरीच्या हॉलमध्ये मी केली तेव्हा. आणि नंतर गुंजवण्याच्या बायकांनी केली तेव्हा.

हे शेवटचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. शेफाली मॅडमनी मान वर केली.

आता मागे फिरता येणार नव्हतं. मी त्यांच्याकडेच बघून बोलले. "मॅडम, मला क्षमा करा. तुम्ही घरी आलात तेव्हाच सांगायला हवं होतं. ही स्टेप गावातून सिनेमात नाही गेली. सिनेमातून गावात आली. मी बसवलेली आहे." आणि करून दाखवली. गुडघा कडकडला तो माईकमधून सगळ्यांना ऐकू गेला.

सगळे मॅडमकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. अध्यक्ष म्हणून एक वयस्कर प्राध्यापक बसले होते. ते फार सभ्यपणे म्हणाले, "रत्नाताई, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. पण स्मृती फसवी असते. आपण लहानपणी पाहिलेलं विसरला असाल आणि नंतर ते स्वतःचं वाटलं असेल. असं होतं. शिवाय आमच्याकडे तिथल्या एका वृद्ध स्त्रीची साक्ष आहे. आपल्याकडे पुरावा काय?"

माझ्याकडे काय पुरावा असणार? सर खुर्चीतून अर्धे उठलेले दिसले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ती म्हातारी म्या हाय."

आई उभी होती. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "म्या खोटं बोलले व्हते." एका मुलीनं पळत जाऊन तिच्या हातात माईक दिला. तिनं तो दुधाच्या तांब्यासारखा दोन्ही हातांनी धरला.

तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते. विसरायचं नाही मला.

"हिच्या बानं सांगितलं व्हतं, घरात हिचं नाव घ्यायचं न्हाई. आठ वर्सं न्हाई घेतलं. येक दिस बाजाराला वेल्ह्याला गेलते. भांड्याच्या दुकानात टीव्ही लावल्याला. ती नटी नाचत व्हती. म्या बघितलं आन तितंच उभी ऱ्हायले. यष्टी निगून गेली. नटी गोरीपान, पर चाल माझ्या पोरीची. हिच्या उजव्या टाचंत बाभळीचा काटा मोडला व्हता, पाच वर्सांची असंल. समदा पावसाळा टाच आदी उचलून चालायची, चिखलातनं मागं मागं जायची. काटा निघाला, चाल ऱ्हायली. गडबडीत असली की तशीच चालती. आता बी. तुमी बघा तिच्याकडं. आईला पोरीची चाल वळखू येत न्हाई व्हय?"

सगळे माझ्या पायांकडे बघायला लागले.

"मग गौरी आल्या. समद्यांच्या पोरी म्हायेरी आल्या, माझी न्हाई. म्या फेरात ते पाऊल टाकलं. बायकांनी इचारलं, ह्ये कुटलं? म्या म्हनलं, आज्जेसासूचं. मग दर वर्साला टाकलं, समद्यांस्नी शिकवलं. ह्या म्याडमनी इचारलं तवा तोंडातनं त्येच आलं. सवय पडल्याली. तोंडानं नाव घ्यायची बंदी व्हती, म्हनून पायानं घेत व्हते."

आणि खाली बसली. माईक कोणाला द्यायचा ते कळेना म्हणून मांडीवर ठेवला.

मी स्टेजवर दीडशे माणसांसमोर रडले. मुंबईत एकोणीस वर्षांत कोणासमोर रडले नव्हते.

अध्यक्ष म्हणाले, "मी माझा प्रश्न मागे घेतो." मग टाळ्या झाल्या. माझ्यासाठी की आईसाठी माहीत नाही. सर चष्मा पुसत होते. हॉलमधल्या एसीनं त्यांना त्रास होतो वाटतं. पुस्तकं घ्यायची राहूनच गेली त्यांची.

येताना गाडीत मी विचारलं, "वडिलांना माहीत होतं?"
"फेराला समोर वट्यावर येऊन बसायचे. एरवी देवळात बी जायाचे न्हाईत. पाच वर्सं बसले, धा वर्सं बसले. येका साली गुडघं दुखत व्हते म्हनून म्या पाऊल टाकलं न्हाई, तर घरी आल्यावर म्हनले, आज फेर अर्धाच झाला."
"आणि?"
"आनि काय? जेवले, झोपले."

ते मला सांगितलं असतंस तर, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण चार वर्षांत मी तरी तिला कुठे काय विचारलं? वांग्यावरच्या अळीशिवाय.

२८ जानेवारी, मंगळवार
शेफाली मॅडमचा फोन. मी आधीच माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, "शनिवारी घरी जाऊन मी खूप रडले, ताई. रविवारी दिवसभर चिडले, तुमच्यावर, आजींवर, स्वतःवर. काल ते प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं. आधीच्यापेक्षा हे खरं आहे आणि जास्त अवघड आहे." मग म्हणाल्या, "आजींना विचारा, मी परत आले तर ताक देतील का?"

आईला विचारलं. "द्यायला काय, म्हसरू का आटलंय?" म्हणाली.

२ फेब्रुवारी, रविवार
गावात हळदीकुंकू होतं. दोन वर्षांपासून आमच्याकडे सगळ्या बायकांना बोलावतात, नवरा असो नसो. आईनं पहिल्या वर्षी कुंकू घेताना डोळे मिटले होते. आता सरळ कपाळ पुढे करते.

शेफाली मॅडम आल्या, कॅमेरा न घेता. सर पण आले. त्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलावलं ते मला माहीत नाही. आई म्हणाली, "म्या." त्यांना ओट्यावर खुर्ची दिली होती. चहा नको म्हणाले, मग दोन कप प्यायले.

पानसुपारी झाल्यावर बायका म्हणाल्या, फेर धरू. मी बाजूला उभी राहत होते. चार वर्षं तशीच उभी राहत आलेय, गुडघ्याचं निमित्त सांगून. आईनं हात धरून ओढलं आणि तिच्या शेजारी उभं केलं. आईच्या पलीकडे मॅडम.

गाणं सुरू झालं. गावचंच, गौरीचं. सिनेमाचं नव्हे. चौथ्या कडव्याला सगळ्यांनी ओचे धरले. टाच उचलली, झुकल्या, पाऊल मागे. मीही. अंगातच आहे, विचार करावा लागत नाही. आणि वळायच्या मात्रेला मी सवयीनं बाहेर वळले, जिकडे कॅमेरा असायचा तिकडे. बाकी सगळ्या बायका आत वळल्या, एकमेकींकडे तोंड करून. मी शेजारणीवर आपटले. सगळा फेर थांबला आणि हसायला लागला. मॅडमही हसल्या. त्यांचं बरोबर आलं होतं.

आई मात्र हसली नाही. फेर चुकलेला तिला खपत नाही. "भायेर काय बघतीस?" म्हणाली. "हितं आत वळत्यात."

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ह्या वेळी मी आत वळले.